ब्लॉकवर उभी गाडी

आमच्या मुलाची गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सिमेंटच्या ब्लॉकवर उभी होती. तिला चाकं नव्हती. तो गेला तेव्हा ती तशी होती आणि पुढं पावसाळा गेला, दिवाळी गेली, तरी तशीच राहिली.

गाडी जुनीच. त्यानं ती घेतली तीच सेकंडहँड होती. चाकणच्या कंपनीत तो कामाला लागला, लग्न झालं, आणि मग बायकोला घेऊन फिरायला म्हणून त्यानं ही गाडी आणली. पांढरी, मागं डिकी असलेली. कंपनीनं हे मॉडेल कधीच बंद केलं होतं. चाकणच्या रस्त्यावर एका खड्ड्यात पुढची रिम वाकली. रिम म्हणजे चाकाचा आतला लोखंडी भाग, ज्यावर टायर चढतो. बाकीच्या तिन्ही गंजल्या होत्या, कडेनं हवा सुटायची, रोज सकाळी एक ना एक चाक बसलेलं दिसायचं. शेवटी वैतागून त्यानं चारही चाकं टायरसकट भंगारात देऊन टाकली, गाडी ब्लॉकवर चढवली आणि म्हणाला, "बाबा, आता अलॉय टाकतो. मस्त दिसेल बघा."

मग त्याला ताप आला. आधी साधा वाटला. गोळी घेऊन तो दुसऱ्या शिफ्टला गेलासुद्धा. मग अंगावर पुरळ उठलं, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, दवाखान्यात ठेवलं, रक्त चढवलं. आठवडासुद्धा पुरा झाला नाही. यापुढचं मला सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही.

घरात आम्ही तिघं राहिलो. मी, बायको आणि सून. मूळचे आम्ही बीडकडचे. मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरला होतो, तिथूनच रिटायर झालो आणि पिंपळे गुरवला हा फ्लॅट घेतला. सून चाकणजवळच्या एका खेड्यातली. तिच्या माहेरची शेती निम्मी कंपन्यांत गेली, आणि तीही एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर बसते. मला ती मामा म्हणते, हिला आत्या. तेराव्यानंतर तिचे आईवडील तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. "आत्ताच कसं येऊ," एवढंच म्हणाली. त्यांनीही ओढाताण केली नाही.

बायको त्या गाडीकडे बघत नसे. भाजी आणायला जायची तरी मागच्या गेटनं जायची, लांब पडलं तरी. आणि सून रोज कामावर जाताना गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवायची. धूळ झटकल्यासारखा. दोघी एकमेकींशी याविषयी कधी बोलल्या नाहीत. मीही नाही. आमच्या घरात तेव्हा मिठाचं, गॅसचं, पाण्याच्या वेळेचं बोलणं व्हायचं. त्याचं नाव निघायचं नाही.

एके दिवशी कमिटीचे अध्यक्ष घरी आले. भला माणूस. चहा घेतला, कप खाली ठेवला. मग म्हणाला, "काका, राग मानू नका. पार्किंग नव्यानं आखायचंय. गाडी हलवता येईल का? निदान चाकांवर तरी असू द्या, म्हणजे इकडं तिकडं सरकवता येईल. लोक विचारायलेत."

मी म्हणालो, बघतो. भंगारवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, चाकं नाहीत, टोचन लावून दुसऱ्या गाडीमागं ओढून नेता येणार नाही, इथंच कापून तुकड्यानं नेतो. मी हे घरी सांगितलं. बायको उठून आत गेली. सून म्हणाली, "कापायची न्हाई मामा. आपन चाकं बसवू."

"आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

"तुमी स्टोअरला होता ना? मी क्वालिटीला हाय. दोघांना मिळून चार चाकं बसवता येत न्हाईत व्हय?"

कितीतरी दिवसांनी ती असं बोलली होती. मी हो म्हणालो.

रविवारी आम्ही माझ्या स्कूटरवरून चिखलीच्या बाजूला गेलो. तिकडं जुन्या गाड्यांच्या सामानाची गोदामं होती. एका ठिकाणी रिम भिंतीला लावून थप्पीनं ठेवल्या होत्या, पाटीत भाकऱ्या ठेवाव्यात तशा. गोदामवाल्याला गाडीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "त्याच्या रिम आता कुठं मिळत्यात? पण चार होलची गाडी आहे ना? ही घ्या चार होलची. तेरा इंचाचीच साइज. बसणारच." त्यानं चार काढून दिल्या. रिक्षा करून आम्ही त्या घरी आणल्या.

पार्किंगमध्ये सतरंजी टाकून आम्ही बसलो. चाक ज्या गोल चकतीवर बसतं त्याला हब म्हणतात. त्यातून चार बोल्ट बाहेर आलेले असतात. तिनं रिम उचलून त्या बोल्टांवर धरली. गेली, पण आढेवेढे घेत गेली. दोन नट नीट बसले. तिसरा तिरका चालला. चौथा धरेचना. मी पाना घेऊन जोर लावणार, तेवढ्यात तिनं माझा हात धरला.

"जबरदस्ती नको मामा. कायतरी चुकतंय."

ती वर जाऊन स्टीलची पट्टी घेऊन आली. समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर तिला पाहिजे होतं. मध्य काही डोळ्यानं नीट धरता येत नाही, म्हणून तिनं एका बोल्टच्या डाव्या कडेपासून समोरच्या बोल्टच्या डाव्या कडेपर्यंत मोजलं. तेवढंच येतं. गाडीचं अंतर शंभर मिलिमीटर भरलं. मग रिमच्या भोकांचं तसंच मोजलं, तर अठ्ठ्याण्णव.

"दोन मिलिमीटरनं काय होतंय?" मी म्हणालो.

"आमच्याकडं दोन मिलिमीटरला अख्खा लॉट परत जातो," ती म्हणाली. "हे जोरानं आवळलं तर आत्ता बसंल. पन चाक वाकडं फिरनार, नट सैल पडत जानार. आनि मग रस्त्यात कवातरी..."

आम्ही नट काढले.

त्या रात्री जेवताना तिनं फोनवर काय काय वाचून मला सांगितलं. जुन्या गाडीला दुसरी रिम घ्यायची तर नुसती भोकं मोजून चालत नाही. भोकांच्या वर्तुळाचं माप जुळलं पाहिजे. मधलं मोठं भोक गाडीच्या हबवर घट्ट बसलं पाहिजे, कारण गाडीचा भार तिथं टेकतो. रिमची रुंदी टायरला झेपली पाहिजे. रिम मोठी घेतली तर टायर तेवढा चपटा घ्यायचा, म्हणजे बाहेरून चाकाची उंची पहिल्याइतकीच राहते, नाहीतर स्पीडचा काटा खोटं दाखवतो. मी माना डोलवत होतो. बायको ताटात बघत जेवत होती. ती उठता उठता मला म्हणाली, "तुम्ही कशाला जायलाव त्या पोरीच्या मागं मागं? तिला करू द्या की तिचं." पण आवाजात राग नव्हता.

पहिल्या रिम परत केल्या. नंतरच्या रविवारी भोसरीच्या एका टायरच्या दुकानात अलॉय बघायला गेलो. अलॉय म्हणजे चकाकणाऱ्या, हलक्या, नक्षीच्या रिम. दुकानात सून एका चाकासमोर थांबली. "असेच दाखवत व्हते मला फोनवर," ती म्हणाली. "रोज एक नवीन डिझाइन. मी म्हनायची, घ्या आता एकदाचे. तर म्हनायचे, घाई करून चालत न्हाई."

दुकानदारानं मापं घेतली. भोकांचं वर्तुळ शंभर, बरोबर. मधलं भोक गाडीच्या हबपेक्षा मोठं होतं, पण त्यात बसवायला त्यानं प्लास्टिकच्या रिंगा दिल्या, म्हणजे चाक मध्यभागी राहील. नवीन टायर चढवले. आम्ही खूश होऊन घरी आलो. टायरवाल्याचा माणूस जॅक घेऊन आला, चारही चाकं बसली, नट गोल गोल आवळले गेले. गाडी अजून जॅकवरच होती. सुनेनं एका चाकाला हातानं फिरवलं. ते न घासता, न अडखळता बराच वेळ फिरत राहिलं. ती बघत उभी राहिली. मग दुसरंही फिरवलं.

ब्लॉक काढले. गाडी हळूहळू खाली आली आणि चाकांवर टेकली. वरच्या मजल्यावरच्या एका बाईनं गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं असेल, नवी गाडी आली.

बॅटरी आदल्या दिवशीच नवीन बसवली होती. सून चालवायला पुढं बसली, मी मागं बसलो. गाडी चालू झाली. पार्किंगमधून बाहेर पडून सोसायटीच्या गेटजवळच्या गतिरोधकावर चढली, आणि खाली उतरताना मागून घर्रकन आवाज आला. माझ्या पाठीखालीच. तिनं गाडी थांबवली. परत मागं घेतली. परत घर्र.

आम्ही खाली उतरून वाकून बघितलं. चाक बाहेर आलं होतं. जॅकवर असताना कळलं नव्हतं. माणूस बसला, गाडी दबली, की टायर मडगार्डच्या कडेला घासत होता. टायरच्या खांद्यावर ताजा काळा ओरखडा उठला होता.

ती फरशीवर बसलीच. "बाहेर नको यायला, आत नको जायला," ती म्हणाली.

"काय?"

"ते म्हनायचे तसं. फोनवर रिम बघताना सारखं म्हनायचे, बाहेर नको यायला, आत नको जायला. मला वाटायचं, फॅशनचं बोलत्यात."

तिनं मग मला समजावलं. रिम जिथं हबला टेकते ती जागा रिमच्या बरोबर मध्यावर नसते. ती बाहेरच्या अंगाला असली तर चाक गाडीच्या आत जातं. मध्याकडं सरकली तर चाक बाहेर येतं. किती सरकली आहे त्याला ऑफसेट म्हणतात, आणि तो आकडा रिमच्या मागं कोरलेला असतो. आमच्या गाडीला हवा होता त्याच्या जवळपास निम्माच आकडा त्या अलॉयच्या मागं होता. दुकानदारानं ते पाहिलं नव्हतं. आम्हीही नाही.

त्याला फोन केला तर तो म्हणाला, "काही नाही काका, मडगार्डची कड आत ठोकून देतो. सगळे करतात."

मी सुनेकडं पाहिलं. तिनं मान हलवली. नवऱ्याच्या गाडीला हातोडा नको, असं तिच्या तोंडावर होतं. दुसऱ्या दिवशी अलॉय परत गेले. गाडी पुन्हा ब्लॉकवर चढली. अध्यक्ष नुसते लांबून हात हलवून गेले.

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. सून कामावर होती. पायातल्या चपला दाराबाहेर नीट जुळवून ठेवून ते आत आले, टोपी काढून मांडीवर धरली.

"पाव्हणं, कसं बोलावं कळंना," ते म्हणाले. "येक ठिकान आलंय. पोरगा आळंदीकडला. त्याची बायकू बाळातपनात गेली. लेकरू बी न्हाई राहिलं. चांगला हाय, कंपनीत परमनंट हाय. पोरीला इचारलं तर म्हनती, मामा-आत्याला इचारा. तुमी न्हाई म्हनला तर आमी पुन्ना शबुद काढनार न्हाई."

मी काही बोलायच्या आत आतून बायको आली. ती दाराला धरून उभी होती, सगळं ऐकत. "करा," ती म्हणाली. "तिचं वय काय आहे. करा."

आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तिनं त्यांच्यासाठी पोहे टाकले. कांदा चिरताना मला तिची पाठ दिसत होती.

संध्याकाळी सून आली. मी तिला सांगितलं. तिनं ओढणीची कड बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "आदी गाडी उभी करू," एवढंच म्हणाली. मला त्या क्षणी वाटलं, गाडीला रिम मिळू नये. आणखी दहा ठिकाणी फिरावं, दहाही चुकीच्या निघाव्यात.

पण मिळाल्या. दापोडीत रेल्वेच्या बाजूला एका गल्लीत एक गॅरेजवाला हेच मॉडेल खोलत होता. इंजिन गेलेली गाडी, मालकानं सोडून दिलेली. चाकं मात्र शाबूत. साध्या लोखंडी रिम, काळा रंग दिलेल्या. सुनेनं बसून एक एक मोजली. भोकांचं वर्तुळ शंभर. मधलं भोक जेवढं पाहिजे तेवढंच. मागचा आकडा बरोबर. रिम सपाट दगडावर ठेवून फिरवून पाहिली, कुठं वाकली नव्हती.

मी म्हणालो, "पोरी, त्याला अलॉय पाहिजे होते. थोडं आणखी शोधू. बरोबर मापाचे अलॉयही असतील कुठंतरी."

ती उठली. हाताला गंज लागला होता तो तिनं पुसला नाही. "मामा, त्यांना अलॉय पायजे व्हते. पन ते आता येनार हायेत का बघायला? मला गाडी उभी पायजे."

ती पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं रडली, त्या गॅरेजमध्ये. गॅरेजवाला बाहेर जाऊन उभा राहिला. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायला हवा होता का, मला कळलं नाही. सासरा सुनेच्या डोक्यावर हात ठेवतो तो आशीर्वादाला. मग मी ठेवलाच.

या वेळी आम्ही टायर बसवून आणले आणि चाकं स्वतःच लावली. पहिली रिम हबवर ठेवली तशी ती खट्ट करून आपल्या जागी गेली. ना रिंग, ना जोर. नट बोटांनीच शेवटपर्यंत फिरले, मग समोरासमोरचे जोडीनं आवळले. गाडी खाली घेतली. मी म्हणालो, मागं कुणीतरी बसलं पाहिजे, भार टाकून बघायला पाहिजे.

"मी बसते," मागून आवाज आला.

बायको उभी होती. पदरानं हात पुसत, घरातल्या चपलांवर. इतक्या महिन्यांत ती या बाजूला पहिल्यांदा आली होती. सुनेनं मागचं दार उघडलं. बायको आत बसली, सीटवरून हात फिरवला, मांडीवर हात घेतले. मी दुसऱ्या बाजूनं तिच्याशेजारी बसलो. गाडी गेटपर्यंत गेली, गतिरोधकावर चढली, उतरली. काही आवाज नाही. सून तशीच पुढं निघाली, नदीच्या रस्त्यानं, आणि आम्हाला वळसा घालून परत घरी घेऊन आली. बायको वाटेत एकदाच बोलली. "खिडकी उघड ग जरा," म्हणाली.

गाडी तूच घेऊन जा, मी सुनेला म्हणालो. मला स्कूटरशिवाय काही चालवता येत नाही, आमच्याकडं ती नुसती उभी राहील. "त्यांची गाडी दुसऱ्याच्या दारात कशी उभी करू मामा? त्या मानसालाबी काय वाटंल," ती म्हणाली. तिचं खरं होतं.

मग गाडी विकली. माण गावाकडं राहणारं एक जोडपं आलं, तरुण, बाई पोटुशी होती. दवाखान्याला जायला यायला गाडी पाहिजे म्हणाले. त्यानं इंजिन ऐकलं, चाकाला लाथ मारून बघितली. मी त्याला रिमचं सगळं सांगू लागलो. पुढं कधी बदलायच्या झाल्या तर वर्तुळ शंभरचं आहे, मधलं भोक असं आहे, मागचा आकडा बघूनच घ्या, दुकानदार बसतील म्हणाला तरी गाडीत माणसं बसवून बघा. तो "हो काका, हो काका" म्हणत होता. त्याला घाई होती. मी तरी बोलतच होतो. शेवटी सुनेनं हळूच माझ्या हातातून किल्ली घेतली आणि त्याला दिली.

लग्न तिच्या गावात, मारुतीच्या देवळात झालं. वाजंत्री नव्हती. आम्ही जावं की नाही याचा आम्ही विचार केला होता, पण तिनंच फोन करून सांगितलं, तुम्ही आल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत. बायकोनं तिच्यासाठी हिरवी साडी नेली होती. ज्याच्याशी लग्न लागलं तो माणूस अबोल, डोक्यावर थोडे केस कमी झालेले. त्यानं आमच्या दोघांच्या पाया पडून मला विचारलं, "मी तुम्हाला काय म्हणू?" बायको म्हणाली, "मामाच म्हणा."

निघताना सून आम्हाला सोडायला रस्त्यापर्यंत आली. नव्या साडीत तिला भरभर चालता येत नव्हतं. बस येईपर्यंत ती बायकोचा हात धरून होती. बस आली, आम्ही चढलो.

गर्दी नव्हती. आम्हाला दोघांना बाकडं मिळालं. भोसरी मागं पडली. मग बायको खिडकीकडं तोंड करूनच म्हणाली, "त्याला लहानपणी गूळ लागायचा वरणात. आठवतंय का? नसला की ताट सरकवून बसायचा."

मी हो म्हणालो.

"शाळेत पहिल्या दिवशी रडला नाही तो. मीच रडले. घरी येऊन म्हणतो कसा, आई, तू उद्या येऊ नको."

तो गेल्यापासून तिनं त्याची एकही गोष्ट काढली नव्हती. आता ती सांगत सुटली. गावी विहिरीत पोहायला शिकला तेव्हाचं, दहावीच्या निकालाच्या दिवशीचं, मला माहीत असलेलं आणि माहीत नसलेलं. सांगताना ती रडत होती आणि रडताना थांबत नव्हती. कंडक्टरनं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि पुढं निघून गेला. मी खिडकीबाहेर बघितलंच नाही. नाशिक फाट्याला उतरायचं होतं, तो कधी गेला ते कळलं नाही. दापोडी आल्यावर ध्यानात आलं.

आम्ही उतरलो. रिक्षा बघू का, मी विचारलं. "नको," ती म्हणाली, "चालू की." पुलावरून पिंपळे गुरवकडं आम्ही चालायला लागलो. तिचे गुडघे दुखतात म्हणून हळू. ती बोलत होती, मी ऐकत होतो.